बाहेरून लावलेली कडी

मित्रांनो, मी दाराची एक जुनी लोखंडी कडी आहे आणि मी एका माणसावर सूड उगवला आहे. जुन्या वस्तू बहुतेक क्षमाशील असतात. मी नाही. काय घडलं ते मी क्रमाने सांगते. माझा राग योग्य होता की नव्हता, हे तुम्ही ठरवा.

माझा जन्म पालघरच्या बाजारातल्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. जाड दांडी, ती सरकवायला वळवलेली मूठ आणि चौकटीत दांडी अडकवायला एक कोयंडा, एवढंच माझं शरीर. दुकानात माझ्याहून चकचकीत कड्या होत्या. जमनाने मात्र मलाच उचललं. ती तारापूरच्या खाडीकाठची मासेविक्री करणारी बाई. पाटीतली मासळी संपवून ती दुकानात आली होती आणि तिच्या हाताला मासळीचा वास होता. तिने मला पुढे-मागे सरकवून पाहिलं.

"आतून लावायची हाय," ती दुकानदाराला म्हणाली. "बाहेरून कोनी कितीबी धक्के मारले तरी उघडली नाय पायजे."

"कोणाला बाहेर ठेवायचंय, मावशी?"

"वारा सुटतो आमच्याकडं," जमना म्हणाली.

तो वारा कोणता हे मला त्याच आठवड्यात कळलं. जमनाचा नवरा तांडेल होता, म्हणजे होडीचा मुख्य. समुद्रावर त्याच्यासारखा माणूस नाही, असं सगळे म्हणत. किनाऱ्यावर मात्र तो प्यायचा आणि घरी येऊन हात उचलायचा. मग जमना आपल्या लहानग्या प्रतापला घेऊन मागच्या खोलीत शिरायची आणि मला सरकवायची. बाहेरून लाथा बसायच्या. जमना दाराला पाठ लावून उभी राहायची आणि प्रताप दोन्ही हातांनी माझी मूठ धरायचा. मी हलले नाही. एकदाही नाही.

जमना माझी काळजी घ्यायची. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. होडीच्या लाकडाला लावायच्या मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, तेलात ती बोट बुडवायची आणि माझ्या दांडीवरून फिरवायची. त्या तेलाला फार घाण वास येतो. मला तो आवडायचा.

पुढे तांडेल वारला. प्रताप मोठा झाला, होडीवर न जाता बोईसरच्या एका कंपनीत पाळीवर जाऊ लागला. त्याचं दीपालीशी लग्न झालं. तीही बोईसरला पॅकिंगच्या कामाला जायची. आता लाथा मारणारं कोणी नव्हतं, तरी जमना झोपताना सवयीने मला लावायची. मी स्वतःशी म्हणायचे, कामावरून निवृत्त झाले असले, तरी मानाने आहे.

मग जमना विसरू लागली. बोंबलांना मीठ लावून झालं की पुन्हा लावायची. चपला तांदळाच्या डब्यात सापडल्या. सुनेला ती "तू कोनाची गो?" असं विचारू लागली. एके दिवशी ती पदरात ओले बोंबील बांधून चिंचणीच्या रस्त्याला लागलेली लोकांना दिसली. माहेरी, दातिवऱ्याला निघाली होती. तिच्या माहेरच्या घरात आता तिच्या ओळखीचं कोणीही राहत नाही.

बोईसरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, डिमेन्शिया. आई एकटी बाहेर जाणार नाही एवढं बघा, असंही सांगितलं. कसं बघायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि प्रतापने विचारलं नाही. घरी येताच त्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला, मला दाराच्या आतल्या बाजूवरून काढलं आणि बाहेरच्या बाजूला बसवलं.

मित्रांनो, हाच तो अपमान. मी जमनाच्या बाजूची होते. तिने निवडलेली, तिने तेल पाजलेली. त्याने मला तिच्यावर लावलं. आणि ज्याने हे केलं त्याला त्याच्या लहानपणी मीच याच दाराआड राखलं होतं. त्याची कारणं मी ऐकली आहेत. दोघांची नोकरी, रस्त्यावरच्या गाड्या, मागची खाडी, लोकांचे टोमणे. कारणं खरी होती. मला ती पुरेशी वाटली नाहीत. त्या दिवसापासून मी गंजायचं ठरवलं. मला कोणी तेल लावत नव्हतंच, तेव्हा ते कठीण गेलं नाही.

जमना आतून दार वाजवायची. ती दिवसभर वाजवायची नाही. एकदा सुरू झाली की बराच वेळ वाजवायची आणि मग आपोआप गप्प व्हायची. कधी दुपारी, कधी दिवेलागणीला, कधी पहाटे. शेजारच्यांनी आधी विचारलं, नंतर विचारणं सोडलं. "म्हातारी वाजवते," असं म्हणून ते आपल्या कामाला लागत. या वाजवण्यात तिच्या हाताला खोल जखम झाली, तेव्हा दीपालीने हट्ट धरला आणि दिवसा सांभाळायला स्नेहा आली.

स्नेहा जवळच्या पाम गावची. बोईसरला वृद्धांच्या एका निवासात तिने आधी काम केलेलं होतं. ती बडबडी होती, ठसक्यात चालायची आणि आपल्याला सगळं येतं अशी तिची समजूत होती. पहिल्याच दिवशी तिची ती समजूत मोडली.

जमनाने तिला विचारलं, "तो आला काय गो?"

"कोण, आजी?"

"तांडेल."

"आजी, आजोबा वारले ना. किती वर्षं झाली," स्नेहा म्हणाली. खोटं कशाला बोलायचं, असा तिचा विचार.

जमनाच्या दृष्टीने तांडेल त्या क्षणी वारला. तिने हंबरडा फोडला. धावत उघड्या दाराशी आली आणि बांगड्या फोडायला मनगटं माझ्यावर आपटू लागली. मनगटात बांगड्या नव्हत्याच. जे फुटलं ते कातडं होतं. थोड्या वेळाने ती सगळं विसरली, रक्ताकडे बघून "हे काय लागलं गो?" म्हणाली आणि पुन्हा विचारलं, "तो आला काय?"

स्नेहा तिची मनगटं पुसत होती. या वेळी ती म्हणाली, "नाय आला. समुद्रावर हाय."

"पिऊन नाय ना येत?"

"आज नाय येत."

"मग कडी नको लावू," जमना म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

खरं बोलणं आणि काळजी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे स्नेहा त्या दिवशी शिकली. त्यानंतर तिने जमनाला कधीही "आठवतं का?" असं विचारलं नाही. तो प्रश्न म्हणजे प्रत्येक वेळी नापास करणारी परीक्षा असते. ती विचारायची, "बोंबील वाळत घालताना शेपट्या कशा अडकवायच्या, आजी?" मग जमना तिला मूर्खात काढायची आणि अर्धा तास मजेत जायचा.

दाराचं वाजवणं मात्र थांबलं नाही. स्नेहाने पाणी दिलं, चहा दिला, बाथरूमला नेलं. काही उपयोग नाही. प्रताप म्हणायचा, "मुद्दाम करते. आपन जेवायला बसलो की सुरू."

एके दिवशी येसूबाई आली. ही जमनाची बाजारातली जुनी जोडीदारीण. एकमेकींना शिव्या देत दोघींनी आयुष्यभर शेजारी बसून मासळी विकली. ती खोलीत बसलेली असतानाच जमना उठली आणि दार वाजवू लागली.

"काय झालं तिला?" स्नेहाने विचारलं. "रोज असंच. आणि वेळ पन एक नाय. रोज थोडं पुढं सरकतं."

येसूबाईने मागच्या खिडकीच्या गजांतून खाडीकडे पाहिलं आणि ती हसायलाच लागली. "अगो येडे, भरती आली न! खाडीत पानी चढलं की होड्या आत येतात. ती म्हावरं घ्यायला बंदरावर चालली हाय. आनि तुमी तिला चाय पाजता!"

खरंच खिडकीखाली पाणी भिंतीला लागून वाजत होतं. भरती रोज थोडी उशिरा येते, म्हणून जमनाही रोज थोडी उशिरा उठायची. भिंतीवरचं घड्याळ ती विसरली होती, पाणी विसरली नव्हती. आणि प्रताप, तांडेलाचा मुलगा, कंपनीच्या भोंग्यावर इतकी वर्षं जगला होता, की त्याच्या कानाला ते पाणी ऐकू येणंच बंद झालं होतं.

स्नेहाने त्याच संध्याकाळी त्याला गाठलं. "दादा, कडी काढा. भरतीला मी आजींना बंदरावर नेत जाईन. तिथं येसूमावशी आहेत, सगळ्या बायका ओळखीच्या."

"आनि घसरली पान्यात, तर? तू जबाबदार?"

"हात धरून नेईन ना."

"नको तिथं शहानपना नको करू. नर्स हायस, नर्ससारखी राहा. गावभर आईची वरात काढायची हाय काय मला?"

"बाहेरून कडी लावून बसायचं, तर मी कशाला हवी? तेवढं काम कडी करते की."

"मग तू नको येऊ," प्रताप म्हणाला.

दीपाली मध्ये पडली म्हणून स्नेहाचं काम टिकलं. दारावर मीही राहिले. प्रतापने मला जोरात सरकवलं. मी इतकी गंजले होते, की त्याला दोन हात लावावे लागले. मी मनात म्हटलं, थांब.

माझ्या सुडाचा दिवस प्रतापच्या साप्ताहिक सुट्टीचा होता. दीपाली माहेरी गेली होती. स्नेहाने उशिरा येईन असं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. भरतीची वेळ झाली आणि जमनाने दार वाजवायला सुरुवात केली. प्रताप मोबाइल चार्जिंगला लावून पुढच्या खोलीत टीव्ही बघत होता. त्याने आवाज वाढवला. त्या दिवशी जमनाला बंदरावर तर जायचं होतंच, पण लघवीलाही जायचं होतं. शेवटी तिच्याने थांबवलं नाही.

वास आल्यावर प्रतापने मला उघडलं. "लाज नाय वाटत? जनावरं बरी तुझ्यापेक्षा!" तो ओरडला. मग फडकं घेऊन तो खाली वाकला आणि फरशी पुसू लागला. जमना भिंतीला चिकटून त्याच्या मागून सरकली. ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते, तोच त्याने मान वळवली. "ए! कुठं चालली गं?"

मित्रांनो, तो आवाज हुबेहूब तांडेलाचा होता. मी तो आवाज पुष्कळ ऐकला होता. जमनानेही ऐकला होता. तिने क्षणात दार ओढलं आणि मला धरलं. प्रतापला दोन हात लागायचे. जमनाच्या एका हाताने मी सरकले, तेल लावल्यासारखी.

"दार उघड! आये, दार उघड!"

जमनाने दाराला पाठ लावली. जुन्या दिवसांत उभी राहायची तशीच. लाथा बसल्या. मी हलले नाही. थोड्या वेळाने ती कोपऱ्यातली रिकामी पाटी घेऊन चालती झाली.

इथून पुढचा तास माझ्या आयुष्यातला सर्वांत समाधानाचा तास होता, हे मी लपवत नाही. प्रतापने दार वाजवलं. तो जमनापेक्षा जोरात वाजवत होता. बाहेर दोन शेजारी घराकडे पाठ करून जाळं विणत बसले होते; जमना गेलेली त्यांनी पाहिली नव्हती.

"म्हातारी वाजवते," एक म्हणाला.

"आज घसा बसलाय वाटतं. बाप्यासारखा आवाज येतो."

"भरती हाय. पानी उतरलं की होईल गप."

दोघेही उठले नाहीत. त्यांना हीच सवय प्रतापने लावली होती. पुढच्या खोलीत त्याचा मोबाइल वाजून वाजून थांबला. मग तो मागच्या खिडकीशी गेला आणि दोन्ही हातांनी गज धरून उभा राहिला. तिथून बंदर दिसतं. पाटी डोक्यावर घेतलेली आपली आई त्याला दिसली. ओल्या दगडांवरून ती पाण्याकडे जात होती. होड्यांच्या इंजिनांचा आवाज इतका होता, की त्याच्या हाका खिडकीबाहेरच विरल्या. मग ती एका होडीआड गेली आणि दिसेनाशी झाली.

"आये!" तो ओरडला. नंतर तो शब्द न उच्चारता नुसताच ओरडत राहिला. मी ऐकत होते. तो दार ओढायचा, पुन्हा खिडकीकडे धावायचा. खांद्याने धडका मारून त्याने खांदा सोलून घेतला. मला त्याची दया आली नाही. कोंडलेल्या माणसाला बाहेरचं फक्त दिसतं, तिथे पोचता येत नाही, हे त्याला कळत होतं आणि त्याला ते कळावं, हेच मला हवं होतं.

मग स्नेहा आली. तिने बाहेर लागलेली कडी पाहिली आणि आतला आवाज ऐकून चमकली. "दादा? तुमी आत? आजी कुठंयत?" तिने माझ्यावर हात ठेवला.

"माझं सोड!" प्रताप आतून म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "आई बंदरावर गेली. मला दिसत नाय ती. दार उघडत बसू नको, कडी लवकर निघत नाय. तू पळ! आधी तिला बघ!"

स्नेहा धावली. मी दारावर तशीच राहिले. प्रतापचं ते बोलणं मला आवडलं नाही. सूड घेणाऱ्याला समोरच्या माणसातलं चांगलं दिसणं परवडत नाही. पण ते तो बोलला होता. मी घडलेलं सांगायचं कबूल केलं आहे, म्हणून तेही सांगते.

जमना होडीआड येसूबाईच्या शेजारी बसली होती. समोर मासळीचा ढीग होता आणि ती मांदेली एकीकडे, कोळंबी दुसरीकडे अशी झरझर निवडत होती. तिचा हात कुठेही चुकत नव्हता. येसूबाई तिला म्हणत होती, "इतके दिस कुठं मेली होतीस गो? माझ्या डोक्यावर सगळं काम टाकून?" आणि जमना म्हणत होती, "तुला जमतं काय काही? बाजूला हो." हे मला नंतर स्नेहाच्या बोलण्यातून कळलं.

स्नेहाला तिला उठवून घरी आणता आलं असतं. तिने तसं केलं नाही. चाललेल्या हातातून काम काढून घेऊ नये, हे ती शिकली होती. तिने होडीपुढे येऊन खिडकीकडे बघून हात हलवला, आजी ठीक आहेत अशी खूण केली आणि ती स्वतः होडीच्या कडेला, खिडकीतून दिसेल अशी, जमनाच्या शेजारी बसली. खिडकीतून प्रतापने दार उघडायची खूण केली. स्नेहाने जमनाकडे बोट दाखवलं. तिला एकटं सोडून येणं शक्य नव्हतं. मासळीचा ढीग निवडून होईपर्यंत प्रताप आतच राहिला.

त्या खोलीत बाथरूम नाही, हे मी सांगायला हवं.

शेवटी स्नेहाने जमनाला पुढच्या खोलीत बसवलं आणि दोन हातांनी मला सरकवलं. प्रताप कोपऱ्यात पाठमोरा उभा होता. त्याच्या पायाशी फरशी ओली होती आणि फडकं त्याच्या हातात होतं. तो वळेना.

"राहू द्या, दादा. मी पुसते," स्नेहा म्हणाली. जमनाला ती ज्या आवाजात म्हणायची, त्याच आवाजात.

"नको," तो म्हणाला. "मी पुसतो." आणि तो गुडघ्यांवर बसून बराच वेळ पुसत राहिला. कोरडी झालेली जागाही पुसत राहिला.

संध्याकाळी त्याने मला दारावरून काढायला घेतलं. स्क्रू गंजले होते, मी त्याला घाम फोडला. जमना तिथे येऊन उभी राहिली. "माजी हाय ती," ती म्हणाली. "मी आनलीय. आतून लाव."

मित्रांनो, माझ्या मनात आशा आली. पुन्हा आतली बाजू, पुन्हा माझी जुनी जागा. प्रतापने दाराच्या आतल्या बाजूची जुनी भोकं शोधलीसुद्धा. पण स्नेहाने त्याचा हात धरला. "नको, दादा. आतून लावली आणि उघडायची कशी हे विसरल्या, तर? आत पडल्या, तर आपण पोचायचं कसं? या आजारात खोलीला कडी नसावी. ना बाहेर, ना आत." मला तिचा राग आला. ती बरोबर होती. राग तरीही आला.

भंगारात जायची माझी तयारी झाली होती. पण स्नेहाने प्रतापकडून एक गुळगुळीत फळी आणवली. फळीवर मला बसवायला सांगितलं. बोईसरच्या निवासात असताना तिने पाहिलं होतं, की ज्यांच्या हातांनी जन्मभर काम केलं, त्यांचे हात रिकामे राहिले की मन भटकतं. भरती नसते तेव्हा जमना आता ती फळी मांडीवर घेऊन बसते आणि मला उघडते, लावते, उघडते. तेल ती स्वतः लावते. बंदरावर ती रोज जाते. कधी स्नेहाबरोबर, कधी दीपालीबरोबर. स्नेहाची वेळ संपलेली असली की प्रतापबरोबर. त्याने पाळ्या बदलून घेतल्या आहेत. भरतीच्या वेळांचा कागद त्याने भिंतीवर लावला होता. येसूबाईने तो फाडून टाकला आणि त्याला खिडकीशी उभं केलं. "ऐक," ती म्हणाली. "बापाचा पोर ना तू?"

कामावरून आला की तो जमनासमोर जमिनीवर बसतो. ती त्याच्याकडे बघते आणि बहुतेक वेळा मला सरकवून बंद करते.

"कोन?"

"मी प्रताप, आये."

"प्रताप लहान हाय. झोपलाय तो."

आधी तो सांगायचा, अगो मीच तो. आता सांगत नाही. "बरं," तो म्हणतो. "मग मी थांबतो."

कधी ती मला उघडते आणि त्याला जवळ घेऊन विचारते, जेवलास काय रे? कधी उघडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारेल, दार वाजवेल, तुम्हाला ओळखणार नाही. तेव्हा ते मुद्दाम करतंय असं म्हणू नका. ते कुठे निघालंय ते विचारा आणि त्याच्याबरोबर चालू लागा. त्याला कोंडू नका. ते विसरेल, म्हणून तुम्ही सुटलात असंही समजू नका. आम्ही दारं, कड्या आणि खिडक्या विसरत नाही.

आज जमनाने मला उघडलेलं नाही. प्रताप समोर बसून आहे. तो थकलेला दिसतो. कंपनीचे बूटही त्याने काढलेले नाहीत. मला घाई नाही.